चरख्याची पूजा आणि कातणारीची मजुरी

हातसूत व हातमाग यांविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे मोठे प्रेम उफाळून आले आहे. त्याविषयी चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते; परंतु प्रेमासारख्या नाजूक विषयात पडू नये, म्हणून आम्ही तो विचार पुढे ढकलीत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र एका शहरी सूतकताई व विणकाम यांच्या प्रदर्शनास जाण्याचा योग आला, आणि तेथून परतताना हा लेख लिहिल्यावाचून सुटका नाही असे वाटू लागले.

प्रदर्शन मोठे दृष्ट लागण्यासारखे होते. दाराशी रांगोळी, आत समई, पाहुण्यांच्या गळ्यात सुताचे हार. अध्यक्षांचे भाषण झाले. त्यात ग्रामीण संस्कृती, मातीचा गंध, बोटांचा स्पर्श, धाग्यातून वाहणारा आत्मा असे सर्व काही होते. मंडपाच्या एका कोपऱ्यात चौथऱ्यावर चरखा मांडून एक प्रौढ बाई सूत काढीत बसली होती. तिच्याभोवती गर्दी होती खरी, पण ती छायाचित्रे घेणाऱ्यांची. शेजारच्या दुकानात एक सुशील दिसणाऱ्या बाई हातविणीचा पंचा उलटसुलट करून, "हातचे आहे म्हणून काय झाले, इतकी किंमत?" असे विचारीत होत्या. दुकानदाराने शेकडा वीस सूट दिली तेव्हा त्यांचे समाधान झाले.

गर्दी ओसरल्यावर आम्ही चौथऱ्याजवळ गेलो. "बाई, दिवसाकाठी काय सुटते?" असे विचारले. "गुंडीवर मिळतं, साहेब. पेळू वेळेवर आले तर. नाही आले तर तो दिवस बसून." "आणि आज?" ती हसली. "आज कसलं कातणं? माणसं फोटो काढायला वाकतात, धक्का लागतो, तार तुटतो."

हेच आम्ही चालकांपैकी एकांजवळ काढले, तेव्हा ते म्हणाले, "आजच्या मंगल प्रसंगी या हिशेबाच्या गोष्टी कशाला?" गृहस्थ भले होते. रागाने बोलले नाहीत, खरोखरीच्या आश्चर्याने बोलले. म्हणूनच त्यांचे उत्तर आमच्या मनात सलत राहिले. सूत कातणाऱ्यांच्या व विणणाऱ्यांच्या नावाने जो संघ, जी समिती, जो मेळावा भरतो, त्यात हिशेबाची गोष्ट काढणे हा जर औचित्यभंग ठरतो, तर मग त्या ठिकाणी काढावयाची तरी कोणती गोष्ट?

तो हिशेब आम्ही येथे मांडतो. वाचकांनी तो पडताळून पाहावा.

मध्यम पोताचे कापड घेऊ. इंचास ताण्याचे चाळीस व बाण्याचे चाळीस तार. पंचेचाळीस इंच पन्ह्याच्या नऊवारी लुगड्यास ताण्याचे अठराशे तार, प्रत्येक नऊ वार लांब, म्हणजे १६,२०० वार सूत लागते. बाण्यासही तितकेच. एकूण ३२,४०० वार. जुन्या मापाने चार फुटांचा एक तार व ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे सुमारे ८५३ वार. तेव्हा लुगड्यास अडतीस गुंड्या झाल्या. एका चातीच्या चरख्यावर तासास अर्धी गुंडी काढणे हे चांगल्या हाताचे काम समजले जाते. या वेगाने अडतीस गुंड्यांस शहात्तर तास, म्हणजे आठ तासांचे साडेनऊ दिवस लागतात. यात सरकी काढणे, कापूस पिंजणे, पेळू वळणे आलेले नाही. खळ, सांधणी व माग यांची गोष्ट तर पुढेच आहे. विणकऱ्याचा धोटा एकदा चालू लागला की त्याला अखंड सूत पुरविण्यासाठी आठ-दहा चरखे फिरत ठेवावे लागतात. कापड हाती घेऊन आपण विणकऱ्याची वाहवा करतो. ती योग्यच आहे; पण त्या कापडातील दिवसांचा मोठा भाग दुसऱ्याच कोणा बाईचा असतो आणि तिचा हात कापडात कोठे ओळखूही येत नाही.

त्या साडेनऊ दिवसांचे तिला काय द्यावे? हातसुताचा सारा प्रश्न आमच्या मते एवढाच आहे, आणि ज्या चळवळीने चरखा आमच्या घराघरांत नेला तिचाही इतिहास याच प्रश्नावर घासून पाहावा लागतो.

आमच्याकडे स्वदेशीचे व्रत चरख्याच्या चळवळीहून जुने. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताचा पोशाख घालून गेले, ही गोष्ट पुण्यातील जुनी घराणी अजून अभिमानाने सांगतात. पण ते व्रत होते, धंदा नव्हता. काकांच्या सुतास मजुरी विचारण्याचे कोणास कारण नव्हते. पुढे गांधीजींनी चरखा हाती घेतला तेव्हा व्रत आणि धंदा दोन्ही एकाच चातीवर बसले, आणि गोंधळ तेथे सुरू झाला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेस भरली. गांधीजी अध्यक्ष होते. प्रत्येक सभासदाने महिन्यास दोन हजार वार स्वतः कातलेले सूत वर्गणीदाखल द्यावे असे ठरले. ठराव भव्य होता. परंतु त्यात एक पळवाट होती. आजारपण, अनिच्छा किंवा तत्सम कारण असल्यास दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत दिले तरी चालेल! 'अनिच्छा' हा शब्द वाचकांनी जरा जिभेवर घोळवून पाहावा. आमच्या वर्गाच्या देशभक्तीची सगळी खोली त्या एका शब्दात मोजता येते. ज्याला इच्छा नाही त्याने सूत विकत आणावे आणि व्रत आपल्या नावे जमा करावे! विकत आणावयाचे ते कोणाकडून, व कोणत्या भावाने, याचा ठरावात उच्चार नव्हता.

ही वर्गणी वर्षभरही धड चालली नाही. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास ती सैल झाली आणि तेथेच अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. संघाचे नाव कातणाऱ्यांचे. सभासदत्व मात्र नित्य खादी वापरणाऱ्यास व महिन्यास हजार वार स्वतः कातलेले सूत संघास अर्पण करणाऱ्यास. आता विचार करा. जी बाई पोटासाठी कातते ती हजार वार फुकट कोठून देणार? आणि तिच्या मजुरीत खादी घेणे तिला कसे परवडणार? ती कातलेले सूत विकी आणि अंगावर गिरणीचे लुगडे नेसे. अर्थात जिच्या श्रमावर संघ उभा, तीच त्याच्या दाराबाहेर. पहिल्या कार्यकारी मंडळात गांधीजी, जमनालाल बजाज, शंकरलाल बँकर, राजेंद्रप्रसाद, जवाहरलाल अशी एकाहून एक थोर नावे होती. कातणाऱ्या बाईचे नाव त्यांत नव्हते. कोणत्याही बाईचे नव्हते. या थोरांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. त्यांच्या त्यागापुढे आमच्यासारख्याने बोलावे हेही धारिष्ट्यच. परंतु ज्याच्यासाठी संघ त्यालाच संघात बसावयास पाट नसेल तर त्याचे हिताहित दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर लटकत राहते.

त्याच गांधीजींचे दुसरे एक काम याच्याशेजारी ठेवून पाहावे. १९१८ साली अहमदाबादेत गिरणीकामगारांनी शेकडा पस्तीस वाढ मागितली, संप केला, गांधीजींनी उपोषण केले, आणि अनसूयाबेन साराभाईंच्या साहाय्याने १९२० साली तेथे मजूर-महाजन उभे राहिले. गिरणीतला मजूर एका छपराखाली हजारोंनी जमत होता. तो थांबला की चाके थांबत होती. चरख्यावरची बाई आपापल्या ओसरीवर एकटी. ती थांबली तर कोणाचे काय अडणार? साळी-कोष्ट्यांसारख्या विणकरांना निदान जात, पंच व पेठ होती. कातणारीला तेही नव्हते. घरबसल्या काम करणाऱ्या बायांची संघटना होऊ शकते हे पुढे त्याच अहमदाबादेत इलाबेन भट्टांनी १९७२ साली 'सेवा' स्थापून दाखविले. अर्धशतक उशीर झाला.

कविवर रवींद्रनाथांनी १९२५ च्या सुमारास चरख्यावर प्रखर टीका केली. एकाच यांत्रिक हालचालीचे स्तोम माजविल्याने मनुष्याची बुद्धी बोथट होईल, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. गांधीजींनी उत्तर दिले, आणि त्या वादाचे पारायण आमच्याकडील साहित्यिक आजतागायत करीत असतात. दोन्ही पक्ष उदात्त आहेत. पण दोन्हीकडून जिच्याविषयी बोलणे चालले होते तिला बोटे बोथट होण्याची भीती नव्हती. संध्याकाळी भाकरीस पीठ असेल की नाही, ही भीती होती. वादात तिची साक्ष कोणी काढली नाही.

गांधीजींचे मोठेपण असे की, ही चूक अखेर त्यांच्याच ध्यानी आली. इतर कोणी ती दाखवून द्यावी तर तसे झाले नाही. १९३५ साली त्यांनी स्वतःच प्रश्न उपस्थित केला. आठ तास कातणाऱ्या बाईला आणा-दीड आणा हाती देऊन आपण दरिद्रनारायणाची सेवा केली असे म्हणणे हे तिचे शोषण नव्हे काय? तासास एक आणा, दिवसास आठ आणे, हे त्यांच्या मनातील माप होते. सहकारी हादरले. खादी महाग होईल, खप बसेल, भांडारे बंद पडतील, जो आणा मिळतो तोही जाईल. व्यवहारी माणसे अशा वेळी जे जे म्हणतात ते सर्व म्हटले गेले. त्या ऑक्टोबरात वर्ध्यास संघाने ठराव केला तो असा: कुशलतेने केलेल्या आठ तासांच्या कामाच्या मानाने प्रत्येकाला इतकी मजुरी मिळावी की तीत वर्षास निदान वीस वार कापड आणि शास्त्रीय प्रमाणानुसार पोषण भागावे. आठ आण्यांचे मात्र जमले नाही. तीन आण्यांपाशी गाडी थांबली, आणि त्यातही महाराष्ट्र शाखेने पुढाकार घेतला. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबा स्वतः तासन्‌तास कातून, कातणारीच्या मजुरीत माणूस जगतो काय, हे आपल्या देहावर अजमावीत होते. या विषयावर ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांपैकी किती जणांनी हा प्रयोग स्वतः केला असेल, हा प्रश्न आम्ही आम्हांसच विचारला आणि मान खाली घातली.

वरच्या लुगड्याचा हिशेब या दरांनी करून पाहा. दिवसास आणा धरला तर कातणारीच्या वाट्यास साडेनऊ आणे. तीन आणे धरले तर एक रुपया साडेबारा आणे. आठ आणे धरले तर पावणेपाच रुपये. लुगडे तेच, पोत तेच, बोटांचा स्पर्श, धाग्यातील आत्मा वगैरे सर्व तेच. फरक फक्त एवढाच की, पहिल्या भावात कातणारी उपाशी राहते आणि तिसऱ्या भावात गिऱ्हाईक परत जाते. या दोहोंच्या मध्ये कोठे उभे राहावयाचे ते ठरविणे हेच अशा संघाचे मुख्य कर्म होय. बाकीची समई-रांगोळी नंतर.

चरखा सुधारून तासास अधिक सूत काढता आले तर दोघांचेही साधेल, हा मार्ग संघास ठाऊक होता. १९२९ साली त्याने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. चरखा झोपडीत ठेवता यावा, बाईला हाताने वा पायाने चालविता यावा, दीडशे रुपयांच्या आत मिळावा आणि आठ तासांत सोळा हजार वार चांगले सूत द्यावा. आमच्या किर्लोस्करवाडीहूनही त्यासाठी एक यंत्र गेले होते. ते कसोटीस पूर्णपणे उतरले नाही; बक्षीस तसेच राहिले. त्या अपयशाचे आम्हांस वाईट वाटते, परंतु त्या अटींचे कौतुक वाटते. यंत्र कोणासाठी, हे त्या अटींत स्वच्छ लिहिले होते. पुढे तमिळ प्रांतातील एकंबरनाथन् यांचा अंबर चरखा आला, चात्या वाढल्या, आणि १९५३ साली चरखा संघ सर्व सेवा संघात विलीन होऊन १९५७ साली खादीचा कारभार सरकारी आयोगाकडे गेला. हा भाग आम्ही येथेच सोडतो. तो फायलींचा इतिहास आहे.

आजची स्थिती पाहा. १ एप्रिल २०२५ पासून आयोगाने कातणारीचा दर गुंडीस साडेबारा रुपयांवरून पंधरा रुपयांवर नेला. त्यापूर्वी तो दहा होता. वाढ झाली ही आनंदाची गोष्ट होय, आणि ती नाकारणे हा कोतेपणा ठरेल. आताची गुंडी हजार मीटरांची. आमच्या लुगड्यास अशा सुमारे तीस गुंड्या, म्हणजे साडेचारशे रुपये. आता चात्या अनेक असल्याने तास कमी लागतात हे खरे; तरीही दिवसास तीनशे रुपये पडावयाचे तर बाईला वीस गुंड्या, म्हणजे वीस हजार मीटर सूत रोज उतरवावे लागेल, आणि तेही पेळू वेळेवर आले तर. याच सुमारास २०२४-२५ सालच्या खादी कापडाच्या विक्रीचा आकडा सात हजार कोटींच्या वर गेल्याची वार्ता सर्वत्र गाजली. कोटींचा आकडा ठळक टाइपात आणि गुंडीचा दर बारीक टाइपात, ही मांडणीच बोलकी आहे. मागाकडे वळावे तर २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे एकतीस लाख कुटुंबांची नोंद झाली, आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आढळले. दरसाल ७ ऑगस्टला हातमाग दिन साजरा करण्याची प्रथा २०१५ पासून पडली आहे. आणि २०२० च्या जुलैत अखिल भारतीय हातमाग मंडळ, ज्यात विणकरांच्या बाजूचे चार शब्द निदान सरकारच्या कानी घालण्याची सोय होती, ते बरखास्त झाले. सण राहिला, सभा गेली.

राष्ट्रध्वजाची गोष्ट तर अधिकच लागते. ध्वज हातसुताचा व हातविणीचा असावा हा नियम केवळ भावनेचा नव्हता; त्या नियमावर आमच्या नांदेडच्या आणि हुबळीजवळील बेंगेरीच्या संस्थांतील कितीतरी चरखे व माग चालत होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेला, पॉलिएस्टरचादेखील ध्वज चालेल असे ठरले. पुढच्या ऑगस्टात घरोघरी ध्वज लागले. टपाल कचेरीत तो पंचवीस रुपयांस मिळत होता. ध्वज घरोघरी लागावा यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट काहीच नाही. आम्हीही लावला. पण गच्चीवर तो बांधताना आमच्या वर्गातील किती जणांच्या मनात नांदेडच्या कातणारीची आठवण आली? सरकारास दोष देणे सोपे आहे. स्वस्त ध्वज हातोहात खपला तो आमच्याच हातांनी.

आता व्यवहारी मंडळींच्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, हातसूत हा यंत्रयुगात मुळातच न परवडणारा धंदा आहे; पोटापुरती मजुरी दिली तर माल खपणार नाही; म्हणून थोडे कमी देऊन धंदा जिवंत ठेवणे हीच दया. या युक्तिवादाचा पहिला भाग खरा असू शकेल. आम्ही चरख्याचे अंध भक्त नाही, आणि गिरणीच्या कापडात वाढलेल्या माणसाने तसे सोंग आणूही नये. परंतु पहिला भाग खरा असेल तर दुसरा त्यातून निघत नाही. पोटापुरती मजुरी देता येत नसेल तर तसे चारचौघांत सांगावे, त्या बाईला दुसरे काम मिळवून द्यावे, आणि चरखा सन्मानाने वस्तुसंग्रहालयात ठेवावा. तिला अर्धपोटी ठेवून धंदा 'जिवंत' ठेवणे, आणि त्या जिवंतपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेणे, याला दया म्हणणे म्हणजे मराठी भाषेवर अन्याय आहे. १९३५ सालीही हाच आक्षेप होता आणि गांधीजींनी त्याला दाद दिली नाही. खप कमी झाला तरी चालेल पण मजुरी वाढली पाहिजे, या बाजूला ते उभे राहिले. त्यांच्या जन्मदिवशी भांडारांपुढे सवलतीसाठी लागणाऱ्या रांगेत आम्ही अनेकदा उभे राहिलो आहो. सवलत कोणाच्या खिशातून येते, याचा विचार त्या रांगेत आमच्या मनाला कधी शिवला नाही.

रसिकांचा आक्षेप निराळा. कलेला मजुरीच्या तागडीत तोलू नका, असे ते म्हणतात. उत्तम. मग तिला कलावंताचे मानधन द्या! मानधनाच्या वेळी ती मजूर आणि मजुरीच्या वेळी ती कलावंत, ही दुटप्पी व्यवस्था किती दिवस चालवावयाची?

आमचे मागणे लहान आहे. कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या मालावर जी किमतीची चिठ्ठी लाविली असते, तिच्या पाठीमागे चार ओळी छापाव्या: कापसाचे इतके, कातण्याचे इतके, विणण्याचे इतके, दुकानाचे इतके. गिऱ्हाईकाने ती उलटून वाचावी आणि मग सूट मागावयाची की नाही ते आपल्या मनाशी ठरवावे. दुसरे असे की, संस्थेच्या कार्यकारी मंडळात चरख्यावर व मागावर बसणाऱ्यांच्या जागा निम्म्याहून कमी नसाव्या, आणि सभेसाठी बुडालेल्या दिवसाची मजुरी त्यांस संस्थेने द्यावी.

या सूचना आम्ही त्या प्रदर्शनाच्या चालकांस पत्राने कळविल्या. उत्तर आले, आणि त्यासोबत प्रदर्शनाचा सचित्र अहवालही आला. पहिल्याच पानावर चौथऱ्यावरील त्या बाईचे मोठे छायाचित्र आहे. तिच्या हातातील तार मधोमध तुटलेला स्पष्ट दिसतो. खाली छायाचित्र घेणाऱ्याचे नाव छापले आहे.